कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?



इटलीतल्या एका दिग्दर्शकावर एकदा आपले नट जिवंत आहेत हे सिद्ध करण्याची पाळी आली. दिग्दर्शकाचं नाव रुजेरो देओदातो, चित्रपट ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०). ॲमेझॉनच्या जंगलात नाहीशा झालेल्या माहितीपटवाल्यांची रिळं सापडतात आणि त्यांत त्यांचा शेवट दिसतो, अशी ही कथा. मिलानमध्ये प्रदर्शित झाल्यावर थोड्याच दिवसांत चित्रपट अश्लीलतेच्या आरोपावरून जप्त झाला, आणि पुढे पडद्यावर मेलेली माणसं खरोखरच मेली असावीत असा संशय बळावला. त्यात भर म्हणजे नटांनी वर्षभर कुठेही तोंड दाखवू नये असा करार देओदातोनेच करून घेतला होता. तो मोडून त्यांना पुढे आणावं लागलं. सुळावर चढवलेली मुलगी प्रत्यक्षात लोखंडी खांबाला जोडलेल्या सायकलच्या सीटवर बसली होती, तोंडात हलक्या लाकडाचा तुकडा धरून, हेही समजावून सांगावं लागलं. नट सुखरूप निघाले. कासवासकट काही प्राणी मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले गेले होते, आणि या चित्रपटाचं कितीही कौतुक केलं तरी ते पाप धुतलं जात नाही.

परिषदेच्या अध्यक्षाने सगळ्या भयपटांचा धांडोळा घ्यावा अशी प्रथा असेल, तर ती आज मोडावी लागेल. आजचं भाषण एकाच घराण्यापुरतं आहे. ‘सापडलेलं चित्रण’ म्हणून जे समोर ठेवलं जातं, ज्यातला कॅमेरा कथेतल्याच कुणाच्या तरी हातात असतो, ते फाउंड फुटेजचं घराणं. ते खरं वाटतं म्हणून भीती वाटते, असं सरसकट सांगितलं जातं. यात अर्धंच सत्य आहे. हे चित्रपट खोटे आहेत हे तिकीट काढणाऱ्याला आता ठाऊक असतं, तरी चांगला चित्रपट त्याला घाबरवतोच. या प्रकाराचं खरं बळ दिग्दर्शकाने काय काय सोडून दिलं यात आहे, आणि सोडलेलं तो हळूच परत घेऊ लागला की तिथेच चित्रपट ढासळतो.

कागदपत्र सापडल्याची बतावणी जुनीच आहे. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून छापली आणि ती खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत स्वतःचं लेखन असल्याचं कबूल केलं. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) तर रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि फोनोग्राफवरच्या नोंदी यांचीच चळत आहे. आपल्याकडे कोकणात भुताची गोष्ट सांगणारा माणूसही हेच करतो. ‘मी पाहिलं’ असं तो सहसा म्हणत नाही. पाहिलेलं असतं मामांच्या शेजाऱ्याने. साक्षीदार एक घर पलीकडचा असला की उलटतपासणी घेता येत नाही.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने हा साक्षीदार पुरता गायब केला. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेस या दोघांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात आठ दिवसांत मुख्य चित्रीकरण उरकलं. हेदर डोनाह्यू, मायकल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड हे तिघे स्वतःच्याच नावाने भूमिका करत होते आणि चित्रणही स्वतःच करत होते. एक व्हिडिओ कॅमेरा, एक १६ मिलिमीटरचा कृष्णधवल कॅमेरा. पुढचा मुक्काम जीपीएसवर शोधायचा, तिथे ठेवलेल्या डबीतली आपापली चिठ्ठी वाचायची, दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि संवाद जागच्या जागी रचायचे. दिवसागणिक जेवण कमी होत गेलं. रात्री दिग्दर्शक मंडळी झाडीतून आवाज काढायची, लहान मुलांच्या आवाजाची टेप लावायची, तंबू हलवायची. पडद्यावर त्या तिघांची जी चिडचिड दिसते, तिला अभिनय किती म्हणायचं आणि उपासमार किती, हे सांगणं अवघड आहे.

या सभागृहातल्या संकलकांनी विशेष लक्ष द्यावं अशी गोष्ट पुढेच घडली. मूळ बेत असा होता की जंगलातलं चित्रण एका मोठ्या बनावट माहितीपटाचा केवळ एक भाग असेल, आणि त्याच्या आगेमागे तज्ज्ञांच्या मुलाखती, बातम्या, इतिहास वगैरे येईल. संकलनाच्या टेबलावर ती सगळी आरास दिग्दर्शकांनी उचलून बाजूला ठेवली. तासन्‌तासांच्या चित्रणातून जेमतेम ८० मिनिटं उरली आणि त्यात समजावून सांगणारं कुणीच उरलं नाही. बाजूला काढलेलं बरंचसं साहित्य मग दूरचित्रवाणीवरच्या ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ या जोडकार्यक्रमात गेलं. ज्या चेटकिणीच्या शोधात हे तिघे जंगलात शिरतात, ती एकदाही दिसत नाही. दिसतात दगडांचे ढीग, काटक्यांच्या बाहुल्या, आणि दिवसभर दक्षिणेकडे चालून संध्याकाळी पुन्हा त्याच ओंडक्याशी पोचलेली तीन माणसं. मराठी प्रेक्षकाला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. त्यांना चकवा लागलेला असतो.

प्रसिद्धीची करामत पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९९९ च्या सनडान्स महोत्सवात ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली गेली, संकेतस्थळावर खोटे पोलिसी कागद आले, आणि आर्टिझन कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरला घेतलेल्या या चित्रपटाने जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर मिळवले.

आता मूळ प्रश्नाकडे. वाघ मागे लागल्यावर माणूस आधी हातातलं ओझं टाकतो. मग ही पोरं कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? अशा चित्रपटाला बसलेला प्रत्येक प्रेक्षक हा प्रश्न एकदा तरी मनात विचारतो, आणि पटकथाकाराकडे उत्तर तयार नसेल तर पुढचं सगळं फोल जातं. ‘ब्लेअर विच’मध्ये उत्तर आहे. जोशुआ एकदा हेदरला सांगतो, की कॅमेऱ्यातून पाहिलेलं पूर्ण खरं वाटत नाही, म्हणून तुला तो हवाहवासा वाटतो. म्हणजे तिच्या दृष्टीने कॅमेरा हा आडोसा आहे. तो खाली ठेवला तर जंगल थेट अंगावर येईल. हे उत्तर कथेला धरून आहे, स्वभावाला धरून आहे, आणि ते ऐकल्यावर तिच्या हातातला कॅमेरा आपल्यालाही नकोसा वाटत नाही.

‘रेक’ (२००७) या स्पॅनिश चित्रपटातलं उत्तर आणखी साधं आहे. जाउमे बालागेरो आणि पाको प्लासा यांची नायिका दूरचित्रवाणीची वार्ताहर आहे, तिला साकारणारी मानुएला वेलास्को स्वतः निवेदिका होती, आणि बार्सिलोनातली एक इमारत सरकारने बाहेरून बंद केल्यावर आत काय चाललंय हे नोंदवणं हेच तिचं काम ठरतं. शेवटी वरच्या मजल्यावर दिवा फुटतो आणि उरतं फक्त रात्री दिसणारं कॅमेऱ्याचं हिरवट चित्र. आता कॅमेरा टाकणं म्हणजे आंधळं होणं. पटकथेचा प्रश्न इथे तंत्रानेच सोडवला.

ओरेन पेलीने तर कॅमेरा हातातून काढूनच घेतला. सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात, जेमतेम १५ हजार डॉलर खर्चून त्याने ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला. तो मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित झाला २००९ मध्ये. शयनगृहाच्या कोपऱ्यात तिपाई, पलंगावर झोपलेलं जोडपं, डावीकडे उघडं दार आणि कोपऱ्यात धावणारे घड्याळाचे आकडे. कॅमेरा हलत नाही म्हणून प्रेक्षकाचे डोळे हलू लागतात. दारात काही आहे का? पायथ्याशी? चादर आता हलली का? जोडप्यातली केटी उठून पलंगाशेजारी उभी राहते आणि आकडे तासामागून तास पळत राहतात. एवढ्याच गोष्टीने थिएटरं किंचाळली. तिसऱ्या भागात (२०११) कॅमेरा फिरत्या पंख्याच्या बुडावर बसवला. तो स्वयंपाकघराकडून दिवाणखान्याकडे वळतो आणि परत येतो, आपल्या गतीने, कुणाच्या सोयीने नव्हे. घाबरलेल्या प्रेक्षकाला हवं तिकडे पाहू न देणं ही या प्रकाराची सगळ्यात मोठी मिळकत, आणि या एका पंख्याने ती जितकी नेमकी साधली तितकी महागड्या क्रेनने क्वचितच साधली असेल.

दोषांची यादीही लहान नाही. हलत्या चित्रणाने डोकं धरतं, पोटात ढवळतं. ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) लागला तेव्हा अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांत तशा सूचना लावाव्या लागल्या. पहिली ४० मिनिटं गाडीतल्या रटाळ गप्पा आणि शेवटची ५ मिनिटं आरडाओरड, हा तर ठरलेला साचा झाला. स्वस्तात होतं म्हणून ज्याच्याकडे हँडीकॅम त्याने चित्रपट केला, आणि निर्मात्यांनाही तेच हवं होतं. त्यातले बहुतेक विसरण्याच्याच लायकीचे. पण याहून गंभीर दोष वेगळा आहे. हे चित्रण जुळवलं कुणी? तीन-चार कॅमेऱ्यांतून नेमक्या क्षणी कापाकापी, एकाच किंकाळीचे दोन कोन, मागे हळूच वाढत जाणारं संगीत. मेलेल्यांचं चित्रण सापडलं म्हणता, मग पार्श्वसंगीत कुठल्या कपाटात सापडलं? जॉर्ज रोमेरोने ‘डायरी ऑफ द डेड’मध्ये (२००७) नायिकेच्याच तोंडून सांगून टाकलं, की हे मी जुळवलं आहे आणि तुम्ही घाबरावं म्हणून संगीतही घातलं आहे. निदान प्रामाणिकपणा तरी आहे. ‘क्लोव्हरफील्ड’ची युक्ती अधिक सुरेख. तिथे एकच टेप आहे, कॅमेरा बंद-चालू झाला की तोच कट, आणि त्या टेपवर आधी टिपलेला प्रेमिकांचा एक सुखाचा दिवस मध्ये-मध्ये खालून डोकावतो. राक्षसापेक्षा तो दिवसच जास्त लक्षात राहतो.

पुढचे भाग काढताना अनेकांनी घराण्याची शिस्तच सोडली. ‘रेक’च्या तिसऱ्या भागात (२०१२) लग्नाच्या चित्रणाचा कॅमेरा सुरुवातीच्या काही वेळातच फोडला जातो आणि चित्रपट सरळ नेहमीच्या पद्धतीने पुढे चालू लागतो. हा विनोद आहे की शरणागती, ते ज्याने त्याने ठरवावं.

आपल्याकडे दिबाकर बॅनर्जींच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ने (२०१०) वाट दाखवली. त्यात भूत नाही. विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंगचा छुपा कॅमेरा, एवढीच सामग्री. पण पहिल्या कथेत पळून लग्न केलेल्या जोडप्याचा रात्री जो खून होतो, तो पाहताना कुठलीही हडळ फिकी पडते. पुढच्याच वर्षी पवन कृपलानींचा ‘रागिनी एमएमएस’ आला. तो तुकड्यातुकड्यांनीच चांगला आहे, तरी एक गोष्ट त्याने अस्सल इथली पकडली. प्रियकराने मुलीला न सांगता बंगल्यात कॅमेरे लावले आहेत. ती पलंगाला बेडीने अडकली आहे. कॅमेरा खाली का ठेवत नाहीत, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण तो कुठे आहे हेच तिला ठाऊक नाही. क्लिप बाहेर जाण्याचं भय त्या काळातल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलीला भुताहून जवळचं होतं. आणि त्या बंगल्यातलं भूत मराठी बोलतं! आपण चेटकीण नाही, आपली मुलं आपण मारली नाहीत, असं ते पुन्हा पुन्हा सांगतं. गाववाल्यांनी चेटकीण ठरवलेल्या बाईची कैफियत आणि फसवल्या गेलेल्या मुलीची कैफियत एकाच खोलीत आली होती. चित्रपटाने ती जोडायची सोडून किंकाळ्याच वाढवल्या, ही खरी हळहळ.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती पालटली आहे. कोरियाच्या ‘गोंजियाम’मध्ये (२०१८) तरुण मंडळी पडक्या रुग्णालयातून थेट प्रक्षेपण करतात, अंगावर कॅमेरे बांधून, आणि प्रेक्षकसंख्येच्या लोभाने त्यांचा म्होरक्या त्यांना बाहेर पडू देत नाही. टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने केलेला ‘होस्ट’ (२०२०) तासाभराहूनही छोटा, सगळा व्हिडिओ कॉलवर. नटांनी आपापल्या घरी दिवे आणि कॅमेरे स्वतःच लावले. आता माणूस चित्रण का करतोय याचं कारण द्यावं लागत नाही, अपघाताशेजारी उभा राहूनही तो तेच करत असतो. अडचण उलट्या बाजूने आली. पूर्वी डळमळीत चित्र दिसलं की खरं वाटायचं, आता कुठलाही व्हिडिओ पाहिला की आधी ‘हे बनवलेलं असेल’ असंच मनात येतं. ज्या भोळ्या विश्वासावर १९९९ साली धंदा झाला, तो परत मिळायचा नाही. म्हणूनच यापुढे शिस्तच उपयोगी पडेल. कॅमेरा कुठे आहे, कुणाचा आहे आणि त्याला काय दिसू शकत नाही, हे पटकथेच्या पहिल्या पानावर ठरवणाऱ्यांना या प्रकारात अजून पुष्कळ वाव आहे.

एक हिशेब राहिला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘ब्लेअर विच’चा नवा अवतार जाहीर झाला, तेव्हा त्या तीन नटांनी चित्रपटाचे हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेट कंपनीकडे मागच्या-पुढच्या मानधनाची आणि पुढच्या चित्रपटांत सल्लामसलतीची जाहीर मागणी केली. प्रदर्शनाच्या वेळी ते मेले आहेत असं भासवण्यात आलं होतं, हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली होती. त्यांनी चित्रण केलं, संवाद रचले, स्वतःची नावं दिली, आणि ती नावं पात्रांचीच होऊन बसली. देओदातोने आपल्या नटांना वर्षभर लपायला लावलं होतं, त्याचाच हा सुधारलेला प्रकार. उद्या सकाळच्या सत्रात नमुना कराराचा जो मसुदा चर्चेला येणार आहे, त्यात नटाने जागेवर रचलेल्या संवादांचं श्रेय आणि त्याच्या खऱ्या नावाचा वापर, या दोन्हींवर एकही कलम नाही. ती दोन कलमं त्यात घालावीत, अशी अध्यक्षाची सूचना आहे. ती कार्यवृत्तात नोंदवली जावी.