लाटांपासून वीज: हिशेब जमेल का?

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या मनावर तालुक्याच्या दक्षिणेला नर्मदा वाहते. हेच पाणी पुढे सरदार सरोवर धरणावर १४५० मेगावॅट क्षमतेची जनित्रं फिरवतं. धरणातलं पाणी अडवता येतं, हवं तेव्हा सोडता येतं. समुद्राच्या लाटेचं तसं नाही.

लाटेपासून वीज कशी मिळते? एक पद्धत अशी: पाण्यात तळाशी उघडी असलेली बंद खोली बांधायची. लाट आत चढली की हवा दाबली जाते, ओसरली की आत ओढली जाते. या ये-जा करणाऱ्या हवेवर टर्बाइन फिरतं. मद्रास आयआयटीने १९९१ मध्ये केरळात विळिंजम इथे असंच १५० किलोवॅट क्षमतेचं केंद्र उभारलं.

मग अडचण कुठे? लाटेची उंची दुप्पट झाली, की तिची ताकद चौपट होते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, हिवाळ्यात मात्र बराच शांत असतो. यंत्र सौम्य लाटांवर चालायला हवं, आणि वादळातही टिकायला हवं. त्यात खारं पाणी लोखंड खातं, यंत्रांवर शिंपले चढतात आणि दुरुस्तीला बोट लागते. म्हणून जागा निवडताना निदान वर्षभराच्या लाटांची मोजणी, पाण्याची खोली, मासेमारीची क्षेत्रं आणि वीजवाहिनीचं अंतर पाहावं लागतं.

तूर्त सौर आणि पवन वीज स्वस्त पडते. बंदरं, दीपगृहं आणि लहान बेटांसाठी मात्र लाटांचा विचार जरूर व्हावा.