वाटेवरची वीज

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम शहरातून बेर्टा बेन्झ ही बाई, पतीला न सांगता, त्यानेच बनविलेली तीन चाकांची मोटार घेऊन दोन मुलांसह फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन सरले. पेट्रोलचे पंप तेव्हा कोठून असणार! व्हीसलोख गावातील औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी विकला जाणारा एक ज्वालाग्राही द्रव मिळाला. तो मोटारीत ओतून बाईने पुढची वाट धरली.

विजेच्या मोटारीला असा औषधवाला भेटत नाही. वीज घरोघरी असते हे खरे. पण घरच्या विजेवर बॅटरी भरावयास बहुधा सारी रात्र जाते. दारी मोटार लावून निजणाऱ्याला ते चालते. ओस्लोहून मिलानला निघालेल्या कुटुंबाला मात्र ती वाटेत, घटका दीड घटकेत, भरून हवी असते. युरोपात हा प्रश्न बराच काळ अडून राहिला. केंद्रे नाहीत म्हणून मोटारी खपत नव्हत्या, आणि मोटारी नाहीत म्हणून केंद्र उभारण्यास कोणी धजत नव्हते.

ही कोंडी नॉर्वेने लवकर फोडली. तेथील एनोवा या सरकारी संस्थेने २०१५ पासून मुख्य रस्त्यांवर सुमारे दर ५० किलोमीटरांवर जलद चार्जिंगची सोय व्हावी म्हणून अनुदान दिले. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. याचे श्रेय करसवलतींना अधिक दिले जाते व ते रास्तही आहे. परंतु नुसती स्वस्त मोटार माणसाला थंडीच्या दिवसांत घाट ओलांडण्याचा धीर देत नाही.

इतरत्र पुढाकार कंपन्यांचा होता. नेदरलँड्समध्ये २०१२ साली फास्टनेड निघाली. टेस्लाने २०१३ पासून केंद्रे उभारली, पण आरंभी केवळ आपल्याच गाड्यांसाठी. २०१७ साली जर्मन कारखानदारांनी फोर्डसह आयोनिटी स्थापन केली. प्लगांचाही घोळ होता. जपानी पद्धतीचे नाव चाडेमो. त्यात ‘चहा घेणार का?’ या अर्थाच्या जपानी प्रश्नावर श्लेष साधला आहे. नाव रसिक खरे, पण युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात दुसराच प्लग प्रमाण ठरविला. भारतातील विजेच्या बहुतेक नव्या मोटारींनाही आज तोच बसतो.

तरीही २०२१ साली संघाच्या लेखापरीक्षकांना असे आढळले की केंद्रे वाढली आहेत, पण सारखी विखुरलेली नाहीत, आणि त्यामुळे एका देशातून दुसऱ्यात जाणे अवघडच आहे. जेथे वर्दळ, तेथे व्यापारी. यात नवल ते काय?

म्हणून २०२३ साली कायदा झाला व १३ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. संघाच्या प्रमुख मार्गांवर, जाण्याच्या व येण्याच्या दोन्ही दिशांना, दर ६० किलोमीटरांच्या आत एक केंद्र हवे. २०२५ अखेर त्याची एकूण क्षमता किमान ४०० किलोवॉट, आणि २०२७ अखेर ६०० किलोवॉट. निदान एक जोडणी १५० किलोवॉटची. अशा जोडणीतून वीस मिनिटांत, गणिताने, ५० युनिटे मिळतात. तेवढ्यात अडीचशे किलोमीटर सहज जाता येते. प्रत्यक्षात बॅटरी थंड असली किंवा चार पंचमांश भरली की ती वीज हळूहळू घेऊ लागते. नव्या जलद केंद्रांवर साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत, हेही कलम त्यात आहे. वरवर क्षुल्लक दिसते. पण परदेशात रात्री दहा वाजता अनोळखी यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या प्रवाशाला त्याचे मोल विचारावे.

कायद्यात एक पळवाटही आहे. ज्या रस्त्यावर दिवसाला ३००० हून कमी हलकी वाहने जातात, तेथे दोन केंद्रांतील अंतर १०० किलोमीटरांपर्यंत वाढविण्याची मुभा आहे. खर्चाच्या हिशेबाने हे समजण्याजोगे आहे. परंतु निर्जन रस्त्यावरच प्रवासी अडला तर मदत दूर असते, हे विसरून चालत नाही.

याहून मोठी अडचण तारांची आहे. नेदरलँड्समध्ये वीजवाहिन्यांवर आधीच इतका ताण आहे की अनेक ठिकाणी नव्या मोठ्या जोडणीसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. आणि याच कायद्याने मालमोटारींसाठी २०३० अखेर प्रमुख मार्गांवर दर ६० किलोमीटरांना ३६०० किलोवॉटची केंद्रे मागितली आहेत.