केळीचं पान आणि खारघरची फुप्फुसं

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, आणि शेतातली कामं टाकून आज इथे आलेल्या आई-वडिलांनो,

गेली बरीच वर्षं मी जाहिराती लिहितोय. तुमच्यातले कितीतरी जण आता जामनेरहून पुण्या-मुंबईला, नाशिक-सुरतेला जातील. तिथे कुणीतरी हवामान बदलावर चार ओळी लिहायला सांगेल. त्या दिवसासाठी हे बोलतोय.

जानेवारी 2021. नवी मुंबईत खारघरला वातावरण फाउंडेशनने रस्त्यालगत एक फलक उभा केला. त्यावर पांढरीशुभ्र, भलीमोठी फुप्फुसं. हवा गाळायच्या कापडाची, आणि मागे हवा ओढणारे पंखे. 10 दिवसांत ती काळी पडली. रोज तिथून कामाला जाणाऱ्याने काल करडा रंग पाहिला, आज काळपट. हवेतल्या धुळीचा आकडा सांगितला की माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. स्वतःच्या श्वासातला मळ दिसला की त्याचा पाय थबकतो.

पण इथे एक अडचण आहे. ती फुप्फुसं काळी झाली धुळीने, काजळीने. पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. कोळसा जळला की दोन्ही निघतात. भुसावळला जाता-येता दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी आपण बघतोच. राख डोळ्यांना दिसते, हा वायू कितीही गाळा, कापड पांढरंच राहणार. मग दाखवायचं काय? एड हॉकिन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने 2018 मध्ये एक वाट काढली. दर वर्षाची एक उभी पट्टी, थंड वर्षाची निळी, तापलेल्याची लाल. आकडा एकही नाही. नजर डावीकडून उजवीकडे गेली की निळं संपत जातं आणि लाल गडद होत जातं. लहान मुलालाही कळेल.

दुसरी वाट आपल्या बांधावर आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की केळीच्या पानाची कड आधी पिवळी, मग तपकिरी होते. बोटांत धरली की चुरा. घड निसटतात. म्हणून आपण बागेभोवती शेवरी लावतो, हिरवी जाळी बांधतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती डझनाने घेणाऱ्या शहरातल्या माणसाने हे पान पाहिलेलंच नाही. उकाडा वाढला की तो एसी दोन अंशांनी खाली आणतो, आणि त्यासाठीची वीज बरीचशी कोळशाचीच.

माझ्या मनात एक जाहिरात आहे. दादर स्टेशनच्या पुलावर काचेची पेटी. तिच्यात रोज केळीचं एक पान, जामनेरच्या बागेतून तोडून भुसावळहून रात्रीच्या गाडीने नेलेलं. शेजारी गाव, तारीख, त्या दुपारचं तापमान. खाली शेतकऱ्याचं एक वाक्य, तो बोलला तसंच, आपल्या तावडी बोलीत. ते शुद्ध करायला जाऊ नका. उद्या एखादी कंपनी या पेटीवर आपलं नाव मागेल. तिला आधी विचारा, तुमच्या कारखान्यात काय बदललं? धड उत्तर मिळालं तरच नाव लावा.

हे काम मी तुमच्यावर सोपवतोय, कारण शहरात जाऊन हे पान ओळखू शकणारे तुम्हीच आहात. येत्या उन्हाळ्यात घरी याल तेव्हा बागेच्या पश्चिमेकडच्या ओळीतलं पान निवडा. दुपारच्या झळा आधी तिथे लागतात.