धर्मादाय कार्य आणि संगणकाची राखण
(न्यासाच्या अमृतमहोत्सवात केलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या अमृतमहोत्सवात आम्हाला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे आभारी आहोत. व्यासपीठावर एकच जण उभा असला, तरी हे बोलणे पाच जणांचे आहे. आम्ही पाचही जण याच न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकलो. दांडिया बाजारातील कचेरीच्या जिन्यावर गुणपत्रिका आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन रांगेत उभे राहिल्याचे आम्हाला अजून स्मरते. आज आमच्यापैकी कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, तर कोणी दवाखान्यात संगणकाची राखण करतो. संगणकातील माहितीपर्यंत चोर कोठून पोचेल, हे आधी शोधायचे आणि ती वाट बंद करायची, हा आमचा पोटाचा धंदा. त्या धंद्याचा धर्मादाय कार्याला काय उपयोग, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आपल्यात गुप्तदानाला फार मान आहे. या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, अशी आपली रीत. त्यात देणाऱ्याचा विनय आहेच, पण घेणाऱ्याची लाजही राखली जाते. आमच्या आधीच्या चिटणिसांनी मदत घेणाऱ्यांची वही कुलपात ठेवली. तिजोरीच्या दोन किल्ल्या असत; एक खजिनदारांकडे, दुसरी अध्यक्षांकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय ती उघडत नसे. पुढे वही गेली, संगणक आला. काम झपाट्याने होऊ लागले. परंतु कुलूप मात्र वहीबरोबरच मागे राहिले, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले एका माउलीमुळे. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. एके दुपारी त्यांना फोन आला, ''ट्रस्टच्या कचेरीतून बोलतो.'' बोलणाऱ्याला मुलीचे नाव, इयत्ता, शाळा, बँकेचे खाते, सारे ठाऊक होते. रक्कम जमा करायची आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा, असे तो म्हणाला. बाईंनी विश्वासाने सांगितला. मुलीच्या फीसाठी पै पै करून साठविलेले नऊ हजार रुपये खात्यातून गेले. बाईंनी तक्रार केली नाही. चार दिवसांनी कचेरीत येऊन त्यांनी खालच्या आवाजात एवढेच विचारले, ''आपल्याकडून कोणी फोन केला होता का?''

कार्यवाहांनी आम्हाला बोलावले. आम्ही गूगलवर न्यासाचे नाव आणि 'यादी' असे दोन शब्द घातले आणि लाभार्थ्यांची संपूर्ण यादी, फोन आणि खाते क्रमांकांसह, समोर आली. निवड जाहीर करण्यासाठी ती न्यासाच्या संकेतस्थळावर चढविली होती. पुढे त्या पानावरचा दुवा काढला, पण मूळ फाईल तेथेच राहिली. कोणी कुलूप फोडले नव्हते. दार आपणच उघडे टाकले होते. आणि खरे सांगायचे तर, ती यादी चढविण्याचे काम आमच्यापैकीच एकाने रविवारी घरी बसून, सेवा म्हणून केले होते. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. मुलीची फी न्यासाने भरली. परंतु बाईंच्या मनातील शंका कशाने भरून काढावी, हे आम्हाला उमजेना. तेव्हापासून आम्ही हे काम नेमाने हाती घेतले.

हा विचार आमच्या डोक्यातून निघाला असे मात्र नव्हे. अमेरिकेतील जॉनी लाँग हे याच विद्येतले नामांकित गृहस्थ. लोकांनी नकळत उघडे ठेवलेले कागद गूगलच्या साध्या शोधाने कसे सापडतात, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी 'हॅकर्स फॉर चॅरिटी' ही संस्था काढली आणि २००९ साली कुटुंबासह युगांडातील जिंजा गावी मुक्काम हलविला. तेथे त्यांनी संगणकाचे वर्ग चालविले आणि सेवाभावी संस्थांची यंत्रे नीट करून दिली. 'हॅकर' म्हटले की आपल्याला चोरच आठवतो. पण कुलूप उघडण्याची विद्या चोराला येते तशी कुलूपवाल्यालाही येते. फरक हेतूचा आणि परवानगीचा. जिनिव्हा येथे २०१९ साली स्थापन झालेली सायबरपीस इन्स्टिट्यूट मोठ्या कंपन्यांतील जाणकारांची सेवा अशाच संस्थांना मिळवून देते.

कोणी म्हणेल, आपल्यासारख्या लहान न्यासाच्या वाटेला चोर कशाला जाईल? त्याने मोठे पाहावे! मोठ्यांकडेही तो जातोच. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे उदाहरण घ्या. युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेल्या माणसांना त्यांच्या घरच्यांशी जोडून देण्याचे पवित्र काम ही समिती करते. जानेवारी २०२२ मध्ये असे उघडकीस आले, की या कामातील ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्यांच्या हाती लागली आहे. चोर ९ नोव्हेंबर २०२१ रोजी आत शिरले होते. पत्ता लागला १८ जानेवारीला, म्हणजे सत्तर दिवसांनी. कारण काय, तर एका प्रणालीतील उणीव बुजविणारी दुरुस्ती वेळेवर बसविली गेली नव्हती. समितीला ती यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. यातून आम्ही दोन धडे घेतले. पहिला, दुरुस्ती उद्यावर टाकू नये. दुसरा अधिक मोलाचा. समितीने घडलेले लपविले नाही. काय झाले, कसे झाले, हे जगापुढे मांडले. चूक झाकल्याने अब्रू राहत नाही, सांगितल्याने राहते.

आपल्याकडील माहितीही थोडी नाही. २०२१-२२ या वर्षापासून देणग्यांचे विवरण दात्याच्या ओळख क्रमांकासह आयकर खात्याकडे भरावे लागू लागले. म्हणजे मदत घेणाऱ्यांच्या दाखल्यांबरोबर देणाऱ्यांचे पॅनही आपल्या संगणकात आले. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. पण कायद्याच्या आधी आपला शब्द आहे. लोक आपल्या अडचणीचे कागद विश्वासाने आपल्या हाती देतात.

आता आम्ही काय केले, ते थोडक्यात निवेदन करतो.

प्रथम आम्ही विश्वस्त मंडळाची लेखी परवानगी घेतली. हेतू चांगला असला तरी मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या संगणकात डोकावणे योग्य नव्हे. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदाही तेच सांगतो. हे आम्ही येथील तरुण मित्रांना मुद्दाम बजावतो. मग माहिती कोठे कोठे आहे, याची मोजदाद केली. ती संकेतस्थळावर होती, कारकुनांच्या खासगी टपालात होती, व्हॉट्सअॅपच्या गटात होती, इतकेच काय, भंगारात द्यायला काढलेल्या जुन्या संगणकातही होती. संकेतस्थळावरील फाईल काढली, शोधयंत्रातील तिची नोंद काढविली आणि जुन्या यंत्राची तबकडी पुसून मगच ते बाहेर दिले.

त्यानंतर नियम घातले. जी माहिती लागत नाही ती मागायचीच नाही. चोराला नसलेली वस्तू नेता येत नाही. निकालाच्या यादीत फक्त अर्जाचा क्रमांक छापायचा. कार्यकाळ संपलेल्या पदाधिकाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करायचा. परवलीच्या शब्दासोबत दुसरी खूण लागेल अशी व्यवस्था ठेवायची. ही आपली तिजोरीची दुसरी किल्लीच होय. हिशेबाची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या तबकडीवर घेऊन ती यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवायची, म्हणजे कोणी संगणकाला टाळे ठोकून खंडणी मागितली तरी काम अडणार नाही. ही प्रत खरोखर उघडते की नाही, हे तीन महिन्यांनी पाहायचे. पहिल्या वेळी ती उघडली नाही, हेही कबूल करतो. आणि कोणी खाते क्रमांक बदलल्याचे कळविले, तर जुन्या नोंदीतील फोनवर दोन विश्वस्तांनी स्वतः बोलल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

या सर्वांस फारसा पैसा लागला नाही. रविवार मात्र बरेच लागले.

आता दोन मागण्या. पहिली, आमच्यासारखे काम करणाऱ्यांनी महिन्याचा एक रविवार न्यासाला द्यावा. आम्ही आता आणखी दोन धर्मादाय संस्थांच्या यंत्रांची तपासणी करतो, पण हात अपुरे पडतात. आपल्या या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली एका बुद्धिमान तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले आणि देशाला डॉक्टर आंबेडकर मिळाले. शिष्यवृत्तीचे ऋण पैशात फिटत नाही; विद्येने थोडेफार फेडता येते.

दुसरी मागणी घरोघरच्या माता-भगिनींकडे. न्यास कोणाकडूनही फोनवर गुप्त आकडा कधीही मागणार नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा आणि कचेरीत कळवा. पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका; त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव असतो. लाज चोराने बाळगायची, आपण नव्हे.

ती मुलगी यंदा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या आईंनी पुढील वर्षाचा अर्ज भरताना बँकेच्या खात्याच्या रकान्यापाशी पेन थांबविले आणि विचारले, ''हे आता कुठे ठेवता?'' आमच्यातील एकाने त्यांना आत नेऊन सारी व्यवस्था दाखविली. त्यांनी ती नीट पाहिली आणि मग रकाना भरला. न्यासाच्या शतकमहोत्सवापर्यंत प्रत्येक अर्जदाराने असेच विचारावे आणि आपल्याला दर वेळी समाधानकारक उत्तर देता यावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.