छतावरचा फेस आणि बऱ्हाणपूरचे ऊन



वैशाखात बऱ्हाणपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत पुस्तक उघडून बसणे ही तपश्चर्याच ठरते. म्हणून 'छताला आतून स्प्रे फोम मारून घ्या' ही सूचना जुन्या वास्तूंच्या विश्वस्तांपुढे आली, तर तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु मोह आणि निर्णय यांत अंतर असावे.

हा फेस म्हणजे पॉलियुरेथेन. त्याचे रसायन ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत सिद्ध केले. दोन द्रव नळीच्या तोंडाशी एकत्र येतात, फसफसून फुगतात आणि पाहता पाहता घट्ट होतात. बंद पेशींचा फेस भाजक्या विटेपेक्षा वीस ते तीसपट कमी उष्णता वाहून नेतो. गुण मोठा आहे, यात शंका नाही.

बऱ्हाणपुरात तो नेमका कोठे शोभतो, हे केळीच्या व्यापाऱ्यांना विचारावे. केळी पिकविण्याच्या बंद खोल्यांत व शीतगृहांत आतला गारवा विकत घेतलेला असतो. तो बाहेर जाऊ नये, हाच तेथील हिशेब. तेथे 'पफ'च्या भिंती उपयोगी पडतात.

खानदेश-निमाडकडील जुन्या धाब्याच्या घराचा हिशेब मात्र निराळा. सागवानी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर आणि रुंद भिंती. हे घर उष्णता अडवीत नाही, तिला उशीर लावते. दुपारचे ऊन भिंतीत मुरते, ते आत पोहोचेपर्यंत सायंकाळ होते आणि रात्रीचा वारा ते घेऊन जातो. कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत वाटांतला गारवाही जमिनीच्या याच संथपणामुळे आहे. अशा छताला आतून फेस चिकटविला, तर खोली आणि माती यांचा संबंधच तुटतो. हा जुना सौदा मोडून पंख्यावर व यंत्रावर भिस्त ठेवावी लागते.

दुसरी बाब अधिक गंभीर. चुना व माती ओल शोषतात आणि सोडतातही. बंद पेशींचा फेस तसे करीत नाही. पावसाळ्यात छत कोठे झिरपले, तर पाणी तुळईपाशी कोंडते, आणि वाळवी वा कुजकेपणा दिसावयाचा तो फेसाआड दडतो. इंग्लंडात पोटमाळ्यांच्या लाकडावर असा फेस मारलेल्या अनेक घरांवर तारण कर्ज देण्यास कर्जसंस्था कचरू लागल्या, त्याचे एक मोठे कारण हेच. फेस खरवडून काढणेही सोपे नाही. लाकडाचे कपचे त्याच्याबरोबर निघतात.

ग्रंथसंग्रहाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी. उघडा फेस पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो, म्हणून त्यावर अग्निरोधक आवरण आवश्यक ठरते. शिवाय फवारणीच्या वेळच्या वाफा श्वासनलिकेला अपायकारक असतात. तो पूर्ण वाळेपर्यंत वाचकांनी तेथे फिरकू नये.

पत्र्याच्या नव्या खोलीची गोष्ट सोडून द्या. तेथे लाकूड नाही, मातीचा थर नाही, आणि गळती नसल्यास फेस विचारात घेण्याजोगा आहे. जुन्या वास्तूत मात्र आधी गळती बंद करावी, गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, खिडक्यांवर सावली करावी. या कामांचा खर्च थोडा, आणि बिघडले तर पुन्हा करता येतात. त्यानंतरही फेसच हवा असे ठरले, तर तुळयांची टोके सुताराकडून टोचून तपासून घ्यावीत. फेस चढल्यावर ती पुन्हा दिसणार नाहीत.