आधी विचारू, मग सांगू



गप्पी मासे तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते हौदात, डबक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडतात. त्याच गप्पीची रंगीत, पंख्यासारख्या शेपटीची जात लोक हौसेनं काचेच्या टाकीत पाळतात. आमच्या कोकणातल्या छोट्या गावात गटातल्या पाच जणींनी असे गप्पी आणि मोली पाळायला घेतले. आधी मुलांची हौस म्हणून, मग पिल्लं वाढली तशी तालुक्याच्या दुकानात विकायला.

आज मी मासे कसे पाळावेत हे शिकवायला बसलेली नाही. आपण बायका दिवसभर एकमेकींना सल्ला देत असतो. तो कसा द्यावा, कसा घ्यावा, एवढंच बोलणार आहे. कारण माझ्या एका सल्ल्यानं एका वहिनींची भरलेली टाकी रिकामी झाली.

जुलै महिना होता. सकाळची सात-सव्वासातची वेळ. मी मुलांचे डबे भरत होते. फोन वाजला. वहिनी घाबरून बोलत होत्या, "ताई, सगळे मासे वर आलेत. तोंड वर करून नुसते हापापतायत. काय करू?"

मी फोन खांद्यावर धरून, पोळी उलथता उलथता सांगितलं, "पाणी खराब झालं असेल. सगळं पाणी काढा आणि नवीन भरा." आणि फोन ठेवला. मी गटाची समन्वयक, मी प्रशिक्षणाला जाऊन आलेली. त्यांनी मी म्हणाले तसंच केलं.

दुपारी त्यांची मुलगी धावत आली. २५० लिटरची टाकी, लहानमोठे मिळून ४०० च्या आसपास मासे. मी पोचले तेव्हा बहुतेक पालथे तरंगत होते. टाकीत नाक नेलं तर टीसीएल पावडरीचा भपकन वास आला. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात टीसीएल टाकतात हे आपल्याला माहीत आहे, आणि ते आपल्याच भल्यासाठी असतं. पण त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. नळाचं असं पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवायचं, नाहीतर दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध टाकायचं, मगच ते माशांना द्यायचं. हे मला येत होतं. तरी मी पाणी कुठलं घालणार, हे विचारलं नाही.

आणि मुळात पाणी खराब झालंच नव्हतं. रात्रभर लाईट नव्हती. हवेचा पंप बंद होता. टाकीत मासे दाटीवाटीनं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला म्हणून ते वर येत होते. तांब्यानं पाणी काढून हातभर उंचीवरून परत त्याच टाकीत ओतत राहिलं असतं, तरी बरेचसे वाचले असते.

वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. त्यांनी गटातून ३,००० रुपये कर्ज घेतलं होतं. घरात सासूबाई म्हणत होत्या, "तरी सांगत होते, कोंबड्या घे." शेवटी मी त्यांच्या घरी गेले. पडवीत बसलो. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना, लाईट नव्हती म्हणून."

मैत्रिणींनो, मासा वर येऊन हापापतो, हे लक्षण एक आणि कारणं चार. हवा कमी पडली तरी तो वर येतो. पाण्यात क्लोरीन असलं तरी येतो. कल्ल्यांना रोग झाला तरी येतो. आणि नवीन टाकीत अमोनिया साठला तरी येतो.

हा अमोनिया म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. पण टाकीत, मुख्यतः स्पंज फिल्टरमध्ये, चांगले जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि त्याचा त्रास बराच कमी असतो. नवीन टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाचं दही जसं विरजणाशिवाय आणि वेळ दिल्याशिवाय लागत नाही, तसंच. म्हणून शेजारणीच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा नवीन टाकीत ठेवला तर काम लवकर होतं. तो स्पंज नळाखाली घासून धुतला तर क्लोरीननं ते जिवाणूच मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यायचा.

मग सांगा, या चार कारणांना उपाय एक कसा असेल? एकीला हवा पाहिजे, दुसरीला मुरलेलं पाणी पाहिजे, तिसरीला औषध, चौथीला धीर.

मी बैठकीत सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. वहिनींचा हप्ता दोन महिने पुढे ढकलायचं ठरलं. उरलेल्या चौघींनी आपापल्या टाकीतून पोटुशा माद्या दिल्या. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. साधारण महिन्याला एक वेत, आणि एकदा नराशी जमली की पुढचे काही महिने नराशिवायही पिल्लं देत राहते. दिवाळीपर्यंत वहिनींची टाकी पुन्हा हलती झाली. आणि त्याच बैठकीत आम्ही गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात प्रश्न लिहिले. कोणी काही विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी हे विचारायचे.

टाकी केवढी आणि मासे किती?
टाकी लावून किती दिवस झाले?
पाणी कुठलं, कधी आणि किती बदललं?
खायला काय आणि किती घालता?
त्रास एकाला आहे की सगळ्यांना?
काल-परवात काय वेगळं झालं? लाईट गेली का, नवीन मासे आणले का, स्पंज धुतला का?
आतापर्यंत तुम्ही काय करून पाहिलं?

पाचवा प्रश्न बघा. सगळे मासे एकदम बेजार झाले तर आधी पाण्यावर आणि हवेवर संशय घ्यायचा. एक आज, एक चार दिवसांनी असं होत असेल तर रोगाकडे बघायचं. सात प्रश्नांना पाच मिनिटं लागत नाहीत. मी त्या दिवशी पोळी तव्यावरून खाली ठेवली असती तरी पुरलं असतं.

आणि एवढं विचारूनही कळलं नाही, तर "मला नक्की माहीत नाही" असं म्हणायचं. समन्वयक आहे, शिकलेली आहे, म्हणून सगळं आलंच पाहिजे असं नाही. कळेपर्यंत अपाय होणार नाही एवढंच सांगायचं. एक दिवस खाणं बंद ठेवा, मोठा धडधाकट मासा उपाशी मरत नाही. पाणी हलतं ठेवा. मुरवलेलं पाणी असेल तर टाकीतलं पाव हिस्सा बदला, सगळं नको. आणि जाणत्याला विचारा.

आता सल्ला घेण्याबद्दल. यातही आपलं चुकतं.

आमच्या एका मावशींच्या माशांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदार म्हणाला निळं औषध टाका. भाचा म्हणाला पाणी गरम करा. शेजारीण म्हणाली खडेमीठ टाका. मावशींनी एकाच दिवशी तिन्ही केलं. कोणाचं मन मोडायला नको! निम्मे मासे मेले, निम्मे जगले. कशानं मेले आणि कशानं जगले, हे आजही कोणाला सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच उपाय, आणि तो तारखेसह वहीत लिहायचा.

सांगणारीचं ऐकताना हेही बघायचं, की तिच्याकडे आपलेच मासे आहेत का, आपल्यासारखंच पाणी आहे का. मोलीला पाण्यात थोडं मीठ चालतं. टाकीतल्या वनस्पतींना आणि काही माशांना ते सोसत नाही. आमच्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, साबणाला पटकन फेस येतो. देशावर बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड, साबण फाटतो. गप्पी-मोलीला जड पाणी मानवतं. म्हणजे देशावरच्या एखाद्या ताईनं मोबाईलवर दाखवलेलं तिच्याकडे खरं असूनही आपल्याकडे लागू पडेलच असं नाही. दुकानदारही वाईट नसतो. पण त्याच्याकडे मासा आठ दिवस असतो, आपल्याकडे वर्ष-दोन वर्षं. त्याचं ऐकायचं, आणि जिनं वर्षभर मासे जगवलेत तिलाही विचारायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, विचारताना खरं सांगायचं. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड. आमच्यातली एक जण कितीतरी दिवस सांगत होती, "मी चिमूटभरच खायला घालते." नंतर कळलं, घरातले तिघं दिवसातून तीनदा घालत होते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं असतं, उरलेलं कुजतं. ती खोटं का बोलली? कारण पहिल्यांदा मासे मेले तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "एवढंही कळत नाही का? सांगितलं होतं ना!" त्यानंतर तिनं मेलेले मासे गुपचूप झाडाखाली पुरले आणि सांगणंच बंद केलं. जिथं ओरडा बसतो तिथं खरं कोणी बोलत नाही, आणि खरं कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

एक शाळकरी मुलगी जत्रेतून गोल्डफिश घेऊन आली. गोल काचेच्या भांड्यात ठेवलेला. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, "अगं, यात तो मरेल." गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण खूप करतो, त्याला ते भांडं पुरत नाही हे खरंच आहे. पण ती किती आनंदानं दाखवायला आली होती! मी विचारलं, "बाळा, घरी मोठा टब आहे का एखादा?" तिच्या आजीचा जुना, कान तुटलेला, ६०-७० लिटरचा टब निघाला. तात्पुरता त्यातच मासा ठेवला, वर जाळी बांधली, पाणी कसं मुरवायचं ते दाखवलं. आता तीच मुलगी दर रविवारी वर्गातल्या मैत्रिणींना सांगत असते. घरात जे आहे त्यातून पुढचं एक पाऊल सांगितलं, तर ऐकणारीला ते झेपतं. हजार रुपयांची टाकी आणायला सांगितली असती तर ती परत आलीच नसती.

आणि एक शेवटचं. सल्ला घेतला की पुढे काय झालं ते परत येऊन सांगा. बरं झालं तरी सांगा, बिघडलं तरी सांगा. बिघडलेलं नाही सांगितलं, तर सांगणारी तोच चुकीचा सल्ला उद्या दुसरीला देईल. वहिनींची मुलगी त्या दुपारी धावत आली नसती, तर मी आजही फोनवर "सगळं पाणी बदला" असंच सांगत बसले असते.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात मासे नसतील. शेळ्या असतील, पापड असतील, कोणाची अवघडलेली सून असेल, कोणाचा थकलेला हप्ता असेल. तिथंही आपण पोळी उलथता उलथताच सल्ला देतो. पुढच्या बैठकीत कोणी अडचण मांडली, की एकदा करून बघा. पहिली पाच मिनिटं कोणीही उपाय सांगायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. बऱ्याचदा उत्तर तिच्याच तोंडून निघतं.

आमच्या वहिनींनी यंदा दुसरी टाकी लावली. परवा त्यांचा फोन आला, "ताई, मासे वर आलेत." मी म्हटलं, "वहिनी, लाईट..." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गेलेली रात्री. तांब्यानं पाणी ओततेच आहे. तुम्हाला नुसतं कळवलं."