बरोबरी घेताय का?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)

सेक्रेटरी म्हणाले, सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम सामन्यावर दोन शब्द बोला. जिंकलो असतो तर बोललोच असतो, हरलो असतो तर आलोच नसतो. झाली बरोबरी!

माझे प्रतिस्पर्धी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. आमच्या बाथरूममधून त्यांच्या छताला गळती, खर्च कोणी करायचा यावरून 11 वर्षं अबोला. जे काही बोलायचं ते सोसायटीला पत्र लिहून. त्या पत्रांची एक फाइलच आहे ऑफिसात, बघा कधीतरी. लिफ्टमध्ये भेटलो की दोघंही आकडे बघत उभे.

सामना तसा साधाच. वजिराला वजीर मारला, उंट-घोडे गेले, आणि माझ्या घाईने एक प्यादं फुकट गेलं. शेवटी त्यांच्याकडे हत्ती आणि प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. बघणाऱ्यांना वाटलं, संपलं. पण 18व्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने यावर उपाय सांगून ठेवलाय. आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या आडव्या ओळीत. मग समोरच्या राजाला पुढे येताच येत नाही. नाइलाजाने त्याने प्यादं त्या ओळीत ढकललं, की आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादंच पुढे गेलेलं, राजाला लपायला आडोसा नाही. घाई मात्र करायची नाही. प्यादं सरकण्याआधीच हत्ती हलवला तर पंचाईत.

मी थांबलो. माझी तीन मिनिटं उरली होती, हात थरथरत होता. त्यांनी प्यादं सरकवलं, माझा हत्ती खाली गेला. शह. राजा हलला. पुन्हा शह.

आता नियम असा, की आधी आपली खेळी करायची, मग बरोबरीचं विचारायचं आणि मगच घड्याळ दाबायचं. काकांनी राजा हलवला, हात घड्याळावर नेला, पण दाबलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबरी घेताय का?"

11 वर्षांतलं पहिलं वाक्य! मला उत्तरच सुचेना. नुसता हात पुढे केला.

चषक सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. सध्या त्यांच्याकडे आहे. परवा बघायला गेलो तर छतावरचा डागही दाखवला त्यांनी, चांगला परातीएवढा आहे हो! प्लंबर सोमवारी येतोय. फरशी आमची फुटणार, बिल निम्मं-निम्मं.